ट्रेडिंग खातं मायनसमध्ये आणि वसुलीचा फोन दुकानात: घाबरू नका, पण फोन बंदही करू नका



आजचा विषय मी बरेच दिवस टाळत होतो, कारण तो सांगायचा म्हणजे स्वतःची चूक सांगावी लागते. पण गेल्या काही महिन्यांत ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांपैकी कोणी ना कोणी बॅच संपल्यावर बाजूला घेऊन हळूच विचारतंच, "सर, ब्रोकरकडचं खातं मायनसमध्ये गेलंय, वसुलीवाले फोन करतायत, काय करू?" म्हटलं, आता लिहूनच टाकू.

आधीच सांगतो, मी वकील नाही. मी साताऱ्यातला स्टेशनरी-झेरॉक्सवाला दुकानदार. पण या वाटेने स्वतः गेलोय, कागद वाचलेत, आणि शेवटी प्रकरण मिटवलंय. रक्कम मोठी असेल किंवा कोर्टाचा कागद आला असेल तर वकिलाकडे जाच.

माझं काय झालं

२०२४ चा जानेवारी. जून सीझनच्या वह्या-पुस्तकांसाठी मी १,२०,००० रुपये बाजूला ठेवले होते. एप्रिलमध्ये होलसेलरला रोख दिले की डिस्काउंट चांगला मिळतो, हे आपल्या लाइनमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका ब्रोकिंग कंपनीचा रिलेशनशिप मॅनेजर माझ्याकडे झेरॉक्सला यायचा. गोड बोलणारा पोरगा. म्हणाला, "सर, तीन महिने पैसे नुसते पडून राहणार. ऑप्शनमध्ये फिरवू, सीझनच्या आधी काढून घ्या."

फिरवले. काही ट्रेड मी मोबाईलवरून केले, काही त्याने त्याच्या ऑफिसमधून टाकले. मार्च संपला तेव्हा १,२०,००० तर गेलेच, वर खातं मायनसमध्ये. वह्यांचा माल त्या वर्षी मी उधारीवर, चढ्या भावाने उचलला. घरी काहीच बोललो नाही.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या सजावटीचं सामान लावत असताना दुकानाच्या नंबरवर फोन आला. मी होलसेलरकडे गेलो होतो, फोन आप्पांनी घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमच्या मुलाने ६३,४१८ रुपये बुडवलेत. दोन दिवसांत भरले नाहीत तर पोलीस दुकानात येतील." मी परत आलो तर आप्पा गल्ल्यावर गप्प बसलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "खरं किती आणि खोटं किती, ते आधी सांग."

मित्रांनो, सगळ्या प्रकरणातला सर्वात कामाचा प्रश्न तोच होता. त्या क्षणी मला त्याचं उत्तर देता आलं नाही, कारण पाच महिन्यांत मी लेजर एकदाही उघडलं नव्हतं.

मायनस होतं कसं?

बऱ्याच जणांना वाटतं, "मी जेवढे टाकले तेवढेच जातील ना?" ऑप्शन विकत घेतला तर भरलेला प्रीमियम जातो. पण ऑप्शन विकला किंवा फ्युचर घेतलं, तर नुकसान जमा पैशांच्या पुढे जाऊ शकतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण कच्च्या तेलाचं आहे. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत मे महिन्याचं क्रूड फ्युचर इतिहासात पहिल्यांदा शून्याच्या खाली गेलं आणि उणे ३७.६३ डॉलरला सेटल झालं. आपल्याकडे लॉकडाऊनमुळे एमसीएक्सचे व्यवहार संध्याकाळी ५ वाजताच बंद होत होते, तेव्हा भाव साधारण ९६५ रुपये होता. अंतिम सेटलमेंट झालं बॅरलमागे उणे २,८८४ रुपयांना. एक लॉट १०० बॅरलचा. म्हणजे ५ वाजता ज्याच्याकडे खरेदीचा एक लॉट होता, त्याचं साधारण ३,८५,००० रुपयांचं नुकसान झालं, तेही बाजार बंद असताना. तेव्हा बाहेर पडायची वेळच मिळाली नाही म्हणून ब्रोकर आणि ग्राहक दोघांचीही ओरड झाली, वाद झाले.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, मायनस आला म्हणजे ब्रोकरने फसवलंच असं होत नाही. दोन, मायनसचा आकडा आला म्हणजे तो सगळा बरोबरच, असंही होत नाही. आकड्याच्या आत काय आहे ते बघावं लागतं.

पायरी १: लेजर फोडा

कोणाशीही वाद घालण्याआधी ब्रोकरकडून चार गोष्टी ईमेलवर मागा: खातं उघडल्यापासूनचं लेजर, सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट, मार्जिनचे रोजचे स्टेटमेंट, आणि व्याज-दंड कोणत्या दराने लावला त्याचा हिशोब. ॲपवर सगळं दिसत असलं तरी ईमेल करा. तुम्ही कधी आणि काय मागितलं याची नोंद राहते.

माझे ६३,४१८ असे फुटले:

- माझ्या स्वतःच्या ट्रेडमुळे झालेला मायनस: १८,२५०
- मी ऑर्डर दिली नव्हती असं माझं म्हणणं होतं ते दोन दिवसांचे ट्रेड: ३६,७४०
- मार्जिन कमी पडल्याचा दंड: ३,१८६
- उशिरा भरल्याचं व्याज: ४,६५२
- डिमॅटचे वार्षिक आणि इतर चार्जेस: ५९०

बेरीज करून बघा, बरोबर ६३,४१८. हे वहीत मांडल्यावर पहिल्यांदा मला नीट झोप लागली. फोनवर तो आकडा राक्षसासारखा वाटत होता. वहीत आल्यावर तो पाच ओळींचा हिशोब झाला, आणि हिशोब तर आपण रोजच करतो.

आता प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: कबूल, अमान्य, पुरावा द्या. मी १८,२५० आणि ५९० पुढे "कबूल" लिहिलं. ३६,७४० पुढे "अमान्य". दंड आणि व्याजापुढे "पुरावा द्या", कारण आगाऊ मार्जिनचा दंड प्रत्येक वेळी ग्राहकावर टाकता येत नाही, आणि व्याजाचा दर खातं उघडताना तुम्ही सही केलेल्या कागदात असावा लागतो.

एक छोटी टीप. काही जणांचा मायनस फक्त वार्षिक चार्जेसचा असतो. खातं उघडून विसरले, दरवर्षी चार्ज लागत गेला. १ सप्टेंबर २०२४ पासून बेसिक सर्व्हिसेस डिमॅट खात्यात ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला वार्षिक चार्ज शून्य आहे. तुमचं खातं त्यात बसतं का, ते विचारा. आणि वापरत नसाल तर हिशोब मिटवून खातं बंदच करा.

पायरी २: पुरावा कोणी द्यायचा?

हा मुद्दा बहुतेकांना माहीतच नसतो. सेबीने २२ मार्च २०१८ ला एक परिपत्रक काढलं. त्यानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने ठेवलाच पाहिजे. फोनचं रेकॉर्डिंग, सही केलेला कागद, ईमेल, एसएमएस, इंटरनेट ट्रेडिंग असेल तर लॉग, यापैकी काहीतरी. आणि वाद झाला तर पुरावा द्यायची जबाबदारी ब्रोकरवर आहे.

म्हणून मी लिहिलं ते साधारण असं होतं. तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा:

"माझ्या खात्यात आपण दाखवलेली ६३,४१८ रुपयांची संपूर्ण रक्कम मला मान्य नाही. सोबतच्या तक्त्यात मी ओळीनुसार माझं म्हणणं दिलं आहे. अमुक दोन तारखांचे ट्रेड मी दिलेल्या ऑर्डरचे नाहीत. त्या ऑर्डरचं कॉल रेकॉर्डिंग किंवा लॉग द्यावा. वादाचा निकाल लागेपर्यंत वसुलीबाबतचा सर्व संपर्क फक्त ईमेलवर करावा. माझ्या दुकानात किंवा कुटुंबीयांना फोन करू नये."

बघा, यात राग नाही, रडणं नाही, धमकी नाही. आणि "लवकरच भरतो" हे वाक्यही नाही. ते का, ते पुढे सांगतो.

पण दुसरी बाजूही ऐका. ट्रेडनंतर २४ तासांच्या आत कॉन्ट्रॅक्ट नोट तुमच्या ईमेलवर येते, एक्स्चेंजकडून एसएमएस येतो. तुम्ही पाच महिने गप्प बसलात तर समोरचा विचारणारच, "तेव्हा का नाही बोललात?" माझी बाजू इथेच लंगडी होती. आणि तुम्ही पासवर्ड किंवा ओटीपी कोणाला दिला असेल, तर लॉगमध्ये तुमचंच लॉगिन दिसणार. मग "मी केलंच नाही" हे सिद्ध करणं फार अवघड.

पायरी ३: वसुलीवाल्याशी बोलायचं कसं

फोन उचला. तीन प्रश्न विचारा: तुमचं नाव काय, कोणत्या कंपनीकडून बोलता, आणि ब्रोकरने तुम्हाला अधिकार दिल्याचं पत्र ईमेल कराल का? मग एकच वाक्य: "रक्कम वादात आहे, मी लेखी कळवलंय, तुम्हीही लेखी कळवा." फोन ठेवा, वेळ आणि तारीख वहीत लिहा.

आता नेहमीच्या धमक्या एकेक करून बघू.

*"पोलीस पाठवू, अटक होईल."* पैसे देणं बाकी असणं हा दिवाणी मामला आहे. तेवढ्यासाठी अटक होत नाही. पण चेक दिला आणि तो बाउन्स झाला तर गोष्ट बदलते. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून "विश्वासासाठी एक चेक देऊन ठेवा" म्हणाले तर अजिबात देऊ नका. माझ्याकडेही मागितला होता.

*"दुकानाला सील लावू."* फोनवरच्या माणसाला तो अधिकार नाही. पण इथे एक खरी गोष्ट समजून घ्या. तुमचं दुकान प्रोप्रायटरशिप असेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि दुकान एकच. उद्या तुमच्याविरुद्ध निवाडा झाला आणि तो अंमलात आणायची वेळ आली, तर दुकानाचा माल आणि बँक खातंही त्यात येऊ शकतं. म्हणजे धमकी पोकळ असली तरी प्रकरण पोकळ नाही.

*"सिबिल खराब करू."* आपला क्रेडिट रिपोर्ट स्वतः काढून बघा. क्रेडिट ब्युरोने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. ट्रेडिंगसाठी तुम्ही बँकेकडून किंवा एनबीएफसीकडून कर्ज घेतलं असेल, तर सिबिलची भीती खरी आहे, तिकडचा हप्ता चुकवू नका.

*रात्री-अपरात्री फोन.* सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम बँका आणि एनबीएफसींच्या एजंटसाठी आहे. ब्रोकर सेबीच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे हा नियम ब्रोकरच्या माणसाला सांगितला तर तो हसेल. पण जिवाची, अब्रूची धमकी कोणीच देऊ शकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये धमकी देणं हा गुन्हा आहे. रेकॉर्डिंग ठेवा, पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या.

आणि पैसे भरायचे ठरले तरी एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. फक्त ब्रोकरच्या नोंदणीकृत खात्यात, स्वतःच्या बँक खात्यातून.

पायरी ४: तक्रार कुठे करायची

आधी ब्रोकरच्या तक्रार विभागाला ईमेल. तिथे समाधान झालं नाही तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल. स्कोअर्सची नवी आवृत्ती १ एप्रिल २०२४ ला सुरू झाली. ब्रोकरला उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करायची, हे लक्षात ठेवा. तिथेही मिटलं नाही तर स्मार्ट ओडीआर पोर्टल. ही सेबीने २०२३ मध्ये आणलेली ऑनलाइन व्यवस्था. आधी समेट, म्हणजे त्रयस्थ माणसासमोर व्हिडिओ कॉलवर दोघांची बैठक. तिथे जमलं नाही तर लवाद.

ब्रोकरसुद्धा तुमच्याविरुद्ध लवादात जाऊ शकतो. तिथली नोटीस आली आणि तुम्ही "बघू नंतर" म्हणून फाईल खाली सरकवली, तर तुमच्या गैरहजेरीत निवाडा होतो. लवादाचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो. त्याला आव्हान द्यायला तीन महिन्यांची मुदत असते, आणि आव्हान देता येईल अशी कारणंही मोजकीच असतात. फोन चुकवला तर चालेल एक वेळ, लवादाची नोटीस चुकवू नका.

आता ते "लवकरच भरतो" चं. अशा देण्यासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. पण मुदत संपायच्या आत तुम्ही सही करून लेखी कबुली दिली, किंवा थोडे पैसे भरून त्याची लेखी नोंद केली, तर मुदत नव्याने मोजली जाते. मर्यादा कायद्याची कलमं १८ आणि १९. एजंट म्हणतो, "पाच हजार टाका, फाईल होल्डवर ठेवतो," त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. वाद मिटण्याआधी भरायचंच असेल तर "फक्त कबूल रकमेपोटी, बाकी रक्कम अमान्य" असं लिहूनच भरा.

यावर कोणी म्हणेल, "म्हणजे तीन वर्षं लपून बसू?" नको. व्याजाचा आकडा वाढत राहतो, आणि डोक्यात ते ओझं घेऊन दुकान चालत नाही. मी पाच महिने बसलोय, म्हणून सांगतो.

माझा निकाल

समेटाच्या बैठकीत ब्रोकरने एका दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात माझा आवाज. "हां, करा, तुम्हीच बघा." मागे दुकानातल्या झेरॉक्स मशीनचा आवाजसुद्धा ऐकू येत होता. मी ते पूर्ण विसरलो होतो. आप्पा शेजारी बसले होते. त्या दिवसाचे १४,९८० मी तिथल्या तिथे मान्य केले. दुसऱ्या दिवसाच्या २१,७६० चं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे नव्हतं. ते सुटले, आणि तडजोडीत दंड आणि व्याजही सुटलं.

मी भरले १८,८४० अधिक १४,९८०, म्हणजे ३३,८२०. मागणी होती ६३,४१८. फरक २९,५९८ रुपयांचा. भरण्याआधी लेखी तडजोड घेतली, त्यात "पूर्ण व अंतिम" हे शब्द तपासले. भरल्यावर शून्य बाकीचं लेजर, नो ड्यूजचं पत्र आणि खातं बंद झाल्याची पोच घेतली. तिन्ही कागद जीएसटीच्या फाईलशेजारी ठेवलेत.

मी जिंकलो असं म्हणणार नाही. जून सीझनचे १,२०,००० परत आले नाहीत. पण आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र रुपयापर्यंत देता आलं. घरी जाताना ते म्हणाले, "आपण द्यायचं ते दिलं. आता मान वर करून गल्ल्यावर बस."

आता तुम्ही काय कराल?

सेबीचा २०२४ चा अभ्यास सांगतो की आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, सरासरी साधारण २ लाखांचा. दोन लाख म्हणजे आपल्यासारख्याच्या दुकानाचं एका सीझनचं भांडवल. म्हणून एवढं करा:

१. दुकानाचं करंट अकाउंट ट्रेडिंग खात्याला जोडू नका. जोडलं असेल तर याच आठवड्यात बदला.

२. मालाच्या पैशाला "पडून असलेला पैसा" म्हणू नका. तो कामावर जायची वाट बघत असतो.

३. "तुम्हीच बघा" हे दोन शब्द फोनवर कोणालाही बोलू नका.

४. महिन्यातून एकदा, लाइट बिल भरता त्याच दिवशी, लेजर उघडून बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी ईमेल.

५. तोटा झाला असेल तर सीएला सांगा. फ्युचर-ऑप्शनचा तोटा हा धंद्यातला तोटा धरला जातो आणि रिटर्न मुदतीत भरलं तर तो पुढच्या आठ वर्षांत ओढता येतो. लाजेने लपवलात तर तोही फायदा जातो.

६. घरात सांगा. वसुलीवाल्याची निम्मी ताकद तुम्ही घरापासून काय लपवलंय त्यात असते. मी आधीच सांगितलं असतं, तर तो फोन आप्पांना एवढा लागला नसता.

ज्यांचा फोन आत्ता वाजतोय त्यांनी आज रात्री दुकान वाढवल्यावर एकच काम करा. एक कोरं पान घ्या, लेजर समोर ठेवा आणि तीन रकाने आखा: कबूल, अमान्य, पुरावा द्या. बाकीचं उद्या.

चला, भेटू पुढच्या लेखात. विषय आहे उधारी. या वेळी आपण वसूल करणाऱ्याच्या बाजूला असू, आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या वडिलांना फोन न करता पैसे कसे मागायचे, ते बघू.